चौदा नळ्या सीलंट, गळका ट्रेलर आणि सहाव्यांदा ‘निकाली’ निघालेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी सहाव्यांदा बोलणे झाल्यानंतर हे पत्र लिहीत आहे. छपराच्या पत्र्यांचे सांधे बुजवण्यासाठीचे आपले सीलंट कशावर धरते आणि किती ताणते हे आपणास माझ्याहून अधिक ठाऊक असणारच, म्हणून थेट विषयावर येतो.

साखर कारखान्याच्या भंगारातून घेतलेला १९७४ सालचा दोनचाकी कॅम्पिंग ट्रेलर मी दोन वर्षांपासून दुरुस्त करीत आहे. स्प्रिंगचे पाटे आणि चाकांची बेअरिंग बदलणे सोपे होते. खरे काम छपराचे. अशा ट्रेलरचा घात गळती करते. ॲल्युमिनिअमच्या पत्र्याच्या सांध्यातून शिरलेले पाणी लाकडी सांगाड्यात मुरत राहते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून भुसा होऊन बसते. कुजलेल्या पट्ट्यांच्या जागी सागवान बसवून घेतले, जुने सिलिकॉन कणन् कण खरवडून काढले (त्यावर दुसरे काही धरत नाही, हे आपल्याच माहितीपत्रकात आहे) आणि यंदाच्या फेब्रुवारीत आपल्या चौदा नळ्या सांध्यांत भरल्या.

मे महिन्यात सीलंट सुटले. साडेतीन मीटरचा ॲल्युमिनिअमचा पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापला की तीन मिलिमीटरहून अधिक वाढतो आणि रात्री पुन्हा आखडतो; सांध्यातल्या सीलंटला रोज तेवढे ताणावे-दबावे लागते. नळीवर ‘कायम लवचिक’ छापणाऱ्या कंपनीने हा हिशेब केला असेल, असा माझा समज होता. नखाने टोक उचलताच भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी हातभर पट्टी सलग निघून आली आणि खालचा पत्रा कोरा करकरीत होता, म्हणजे सीलंट ताणून फाटले नव्हते, पत्र्याला त्याने नीट धरलेच नव्हते. जूनच्या पहिल्याच पावसात पाणी नव्या सागवानावर उतरले, पलंगाखालचे प्लायवूड फुगले.

आता आजच्या संभाषणाविषयी. बारा मिनिटे संगीत ऐकवल्यानंतर आपल्या प्रतिनिधींनी ट्रेलर कुठे असतो, असे विचारले. लातूरला, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, “पण सर, लातूरला पाऊस नसतोच ना? रेल्वेने पाणी नेले होते, तेच ना लातूर?” तेच, मी म्हटले, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी आले होते. “मग सर, हे पाणी पावसाचेच कशावरून? कोणी ट्रेलर धुतला असेल.” धुतल्यावर तरी आपले सीलंट गळावे का, असे मी विचारले. पलीकडे शांतता. मग कळफलकाचा खडखडाट आणि “सर, तक्रार नोंदवली आहे.” दोनच मिनिटांत मोबाइलवर संदेश आला: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कृपया पाच तारे द्यावेत.’

आपल्या सीलंटची भिस्त आमच्या दुष्काळावर आहे, हे नळीवर छापले असते तर मी घेतलेच नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातली शेते मातीसकट खरवडून नेणारा पूरही बहुधा कोणीतरी ट्रेलर धुतल्यामुळेच आला असावा.

पत्रा कोरा निघाला, हे मी सहाही वेळा सांगितले. सातव्यांदा लेखी सांगत आहे. ट्रकच्या बॉडी बांधणारे माझे वडील आपल्या कंपनीच्या डब्याशिवाय दुसरा डबा दुकानात येऊ देत नसत. त्यांच्याच भरवशावर मी चौदा नळ्या घेतल्या, याचे वाईट अधिक वाटते.

नळ्यांची किंमत, सागवान, प्लायवूड आणि सुताराची मजुरी पंधरा दिवसांत मिळावी. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे खेटे मला नव्हे, आपल्या प्रतिनिधींना घालावे लागतील. लातूरला येताना त्यांनी छत्री आणावी.

आपला,
एक ग्राहक, लातूर

सोबत: खरेदीची पावती, छपराची छायाचित्रे आणि निघून आलेली हातभर पट्टी.