मावशी, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय मावशी,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

ह्यांचं डायलिसिस चौदा महिने चाललं, आठवड्यातून दोनदा. मी उपवास केले, मंडळीतल्या लोकांनी पाळीपाळीने अखंड प्रार्थना करायची, त्या प्रार्थनासाखळीत रात्री दोनची वेळ मागून घेतली. तरी हे गेले. भेटायला आलेल्या एकांनी सांगितलं, विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. त्यानंतर माझं उपासनेला येणं थांबलं. घरी गुडघे टेकले तरी शब्द फुटेना.

तुम्ही दर गुरुवारी डबा घेऊन यायचात, बसायचात आणि जायचात. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडून त्यालाच दोष दिल्यावर. हे मला तुमच्यामुळे कळलं.

एकदा मीच देवावर चिडून म्हणाले, "तो ऐकतच नाही." तुम्ही समजूत घातली नाहीत. बायबलमधलं 88वं स्तोत्र काढून सावकाश वाचलंत. आता स्तुती येईल, मग येईल, म्हणून मी वाट बघत राहिले. आलीच नाही. ते स्तोत्र अंधारातच संपतं. "हेही शास्त्रातच आहे ना?" एवढंच म्हणालात.

मावशी, तक्रार केली की विश्वास गेला, असंच मी लहानपणापासून धरून चालले होते. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे प्रभू येशूचं क्रुसावरचं वचन दर गुड फ्रायडेला ऐकलं. ते 22व्या स्तोत्रातलं, हेही ठाऊक होतं. पण ती माझी प्रार्थना असू शकते, हे कधी मनातच आलं नाही.

तुम्ही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या आश्रमात वाढलात. त्यांची गोष्ट तुम्हीच सांगितलीत. पंडिता रमाबाईंची एकुलती लेक मनोरमा 1921 मध्ये गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. मधल्या महिन्यांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. "त्यांना उत्तर मिळालं का?" मी विचारलं. "ते मला माहीत नाही, बाळा," म्हणालात. त्या खरेपणासाठी तुमचे सगळ्यात जास्त आभार.

उत्तर मलाही मिळालेलं नाही. रात्री भांडते, पण त्याच्याशीच भांडते.

येत्या रविवारी उपासनेला येते आहे. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून करंज्या केल्यात. ह्यांना आवडायच्या तशा, ओल्या नारळाच्या.

तुमची,
मागून तिसऱ्या बाकावरची