बाबांसाठी कुंपणाची गोष्ट, आणि बाकीचं

लीस्टरशायर, इंग्लंड, फेब्रुवारी

ती. बाबा आणि आईस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. ड्युटीचं आणि जेवणाचं फोनवर होतंच, परत लिहीत नाही. आई, थंडीचं काय घेऊन बसलीस? खानापूरच्या पावसात उलटी झालेली छत्री धरून शाळेला गेलेली पोर मी. आणि दादानं तुझ्या कानात भरलंय तसं काही नाही, बसस्टॉपपर्यंतची वाट आहे, रान नव्हे.

त्याच वाटेवर एक प्रकार बघितला. बाबा, आपण बांधावर शेर नाहीतर निर्गुडी लावतो आणि माजली की वरून छाटतो. इथं कुंपण हॉथॉर्नचं, काटेरी. हिवाळ्यात त्याचं खोड बुडाशी कोयत्यानं तिरकं तोडतात, पण पुरतं नाही! साल आणि लाकडाची पातळ पट्टी राखून झाड आडवं पाडतात, चढाच्या दिशेनं. मग हात-हात अंतरावर खुंट ठोकून आडवी खोडं त्यांत गुंतवतात आणि वरून हेझल नावाच्या झाडाच्या लांब छड्या वेणी घालावी तशा पिळत नेतात. मला वाटलं, मेलं सगळं. पण त्या पट्टीतून पाणी चढतं, आणि वसंतात बुडख्याला नवे कोंब फुटतात. न तोडता ठेवलं तर झाड वरच वाढतं, खाली उघडं पडतं आणि मेंढरं आरपार जातात. या भागातली रीत बैल थोपवायची, म्हणून काटेरी फांद्या जनावराच्या अंगाला. मार्च ते ऑगस्ट पाखरांची घरटी असतात, तेव्हा कुंपणाला हात लावत नाहीत.

मोठ्या बंगल्यांत तर लिंडनच्या फांद्या एकमेकींत गुंतवून मांडव करतात. त्यावर ना दोडका ना काकडी, नुसतं खालून फिरायला!

बाबा, हे वाचून कोयता घेऊन परड्यात जाऊ नका. गुडघा आधी. गडी लावा, मजुरी मी देते.

पैसे टाकलेत. त्यातले ऑपरेशनचे बाजूला ठेवा, दादाच्या गाडीच्या हप्त्याला नकोत. (त्याला वाचून दाखवलंत तरी चालेल.) निपाणीच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, पण फोटोवरून हो कसं म्हणू? मुलाशी एकदा बोलू दे. आत्याला सांग, पोर शेफारली नाही.

रजांचा तक्ता लागला, गणपतीत माझं नाव यंदाही नाही. आई, करंज्या एकटीनं करत बसू नकोस, काकूंना बोलाव. ऑपरेशनची तारीख मात्र मला आधी कळवा, परस्पर उरकू नका. बिनपगारी रजा मागून ठेवली आहे.

तुमची,
सुमी