रविवारची बैठक : वडाली बंधू

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी संध्याकाळी ठीक साडेपाचला आपली श्रवणबैठक नेहमीच्याच हॉलमध्ये होईल. या वेळी पंजाबचे सूफी गायक पूरणचंद आणि प्यारेलाल वडाली ऐकायचे आहेत.

अमृतसरजवळच्या गुरू की वडाली गावचे हे भाऊ. थोरले पूरणचंद तरुणपणी आखाड्यात रमलेले, तर धाकटे प्यारेलाल गावच्या रासलीलेत कृष्ण व्हायचे. जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात त्यांचा अवतार बघून त्यांना गाऊ दिलं नाही, तेव्हा दोघे तिथल्या मंदिरात जाऊन गायले आणि तिथूनच आकाशवाणीपर्यंत पोहोचले. ही हकिगत आठवली की आजही पोटात तुटतं. पुढे 2005 मध्ये पूरणचंदांना पद्मश्री मिळाली. प्यारेलाल 9 मार्च 2018 रोजी गेले आणि जोडी फुटली.

आपण मुद्दाम त्यांच्या मैफलींचीच ध्वनिचित्रमुद्रणं लावणार आहोत. पंजाबी सूफी कवी बुल्लेशाहची काफी, म्हणजे सूफी गीत, गाताना थोरले मध्येच थांबून एखादी ओळ बोलून समजावतात, धाकटे तोच शब्द उचलून तारसप्तकात नेतात. तेव्हा थोरल्यांचा चेहरा जरूर बघा. स्टुडिओतल्या गाण्यात हे सापडत नाही.

काफ्यांचा मराठी अर्थ छापून ठेवलाय, दारातच एकेक प्रत घ्या. मोबाइल बंद ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या आहेत, पण नाव शुक्रवारपर्यंत कळवा. चहा मध्यंतरात. आलाप चालू असताना कृपया कोणी उठू नये.

– कार्यवाह