माडीवर राहिलेली वही

खानापूर,
सोमवार, रात्र

चि. अश्विनी,
अनेक आशीर्वाद.

तुझी इग्नूच्या, त्या मुक्त विद्यापीठाच्या, एमबीएची स्वाध्यायाची वही माडीवर राहिली. उद्या पहिल्या बसने अण्णा बेळगावला चाललाय, त्याच्याकडे वही, थालीपीठं आणि हे पत्र देते आहे. फोन केला असता तर पुन्हा रविवारचंच भांडण झालं असतं, म्हणून लिहायला बसले. जागरणाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

वही मी उघडली. आधी विचारायला हवं होतं, पण उघडली. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पेपरचा तिसरा प्रश्न आहे, प्रशिक्षणाची गरज कशी ओळखावी. तुमच्या परिचयाच्या संस्थेच्या आधारे लिहा, आणि शेवटी त्या संस्थेचं थोडक्यात वर्णन करा. तू उत्तरात बेंगळुरूची सहा हजार माणसांची सॉफ्टवेअर कंपनी लिहिलीस. तिच्या दारातसुद्धा तू कधी गेली नाहीस, बाळ. रोज सकाळी उद्यमबागेत ज्या मशीन शॉपमध्ये शिरतेस तिथे एकशे चाळीस माणसं, दोन पाळ्या आणि तीन भाषा आहेत. प्रश्न काढणाऱ्याला तेच हवं आहे. गाइडातलं उत्तर त्याने त्या दिवशी चाळीस वह्यांत वाचलेलं असतं.

तू हे का केलंस ते मला ठाऊक आहे. सातही पेपर डिसेंबरला काढायचे आहेत. रविवारी मी बोलले आणि तू ताट सरकवून उठलीस, तेव्हा मला नीट मांडता आलं नाही. आता आकडे मांडते. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास धरतात. त्यात वाचन आलं, स्वाध्याय आला, सगळं आलं. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे १२० तास. सात पेपरांचे ८४० झाले. सहा महिन्यांचे आठवडे सव्वीस, म्हणजे आठवड्याला बत्तीस तास. सहा दिवस कारखान्यात जाणारं माणूस ते तास कुठून आणणार? झोपेतूनच आणणार. तीनच पेपर धरलेस तर ३६० तास, आठवड्याला चौदा. पहाटे दीड तास सहा दिवस आणि रविवारी पाच, की झाले. एमबीएला किमान दोन आणि कमाल चार वर्षं दिलेली आहेत, ती नोकरी करणाऱ्यांसाठीच. राहिलेले चार पेपर जूनला देता येतात.

हे जागरणाचंच झालं. असो.

आता तो तिसरा प्रश्न पुन्हा लिही, आणि असा लिही. गेल्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर, म्हणजे नापास पीसची नोंदवही, माग. ऑपरेशननुसार, म्हणजे मशीनवरच्या एकेका कामानुसार, वेगळं कर, मग कारणानुसार, मग पाळीनुसार. सगळ्यात वर येणारी दोन कारणं घे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लाव: याच माणसाला पुरेसा वेळ, नीट हत्यार आणि स्पष्ट सूचना दिली तर हे काम जमतं का? जमत असेल तर ती प्रशिक्षणाची गरज नाही. पीस पकडून ठेवणारं फिक्श्चर झिजलेलं असेल, मापाच्या गेजची तपासणी टळलेली असेल, नगावर पैसे मिळतात म्हणून घाई होत असेल, तर माणसाला वर्गात बसवून काही सुधारत नाही आणि वर त्यालाच वाटतं की चूक आपली होती. सगळं देऊनही जमत नसेल तेवढीच प्रशिक्षणाची गरज. हा फरक वहीत दाखवलास, तर परीक्षकाला कळेल की लिहिणारी मशीनजवळ उभी राहिली आहे.

उदाहरण तुझ्याच हाताखालचं घे. त्या नव्या पोराला मायक्रोमीटर शिकवतेस ना, तेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत अनुभवी माणसं कमी पडली, तेव्हा नवख्यांना झटपट शिकवायला चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली: तयारी, करून दाखवणं, करून घेणं, मागोवा. तुझ्या पुस्तकात ती दोन ओळींत उरकली असेल. पण कागदावर तीन रकाने आखून बघ: पायरी, महत्त्वाचा मुद्दा, त्यामागचं कारण. पायरी पहिली, मायक्रोमीटरची पीस धरणारी तोंडं पुसून शून्य तपासणं. कारण, चिकटलेला बारीक किससुद्धा मापात येतो. दुसरी, पीस धरून रॅचेटने, म्हणजे टोकाच्या टकटक करणाऱ्या खुंटीने, फिरवणं. मुद्दा, थिंबल, म्हणजे फिरणारी नळी, पिळायचं नाही. कारण, जोर लागला की माप कमी येतं आणि मोठा पीस बरोबर म्हणून पुढे जातो. तिसरी, वाचणं. पोरं इथेच अडखळतात. स्लीव्हवर, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या नळीवर, अठराची रेघ आणि तिच्यापुढची अर्ध्याची रेघ दिसते, थिंबलवर तेवीस, तर माप १८.७३. अर्ध्याची रेघ नजरेतून सुटली की तो १८.२३ लिहितो. रजिस्टरमध्ये बरोबर अर्ध्या मिलिमीटरच्या चुका किती आहेत ते मोज. त्या सगळ्या या एका रेघेच्या असतील, आणि अर्धा तास शिकवून थांबतील.

करून घेताना पहिल्यांदा त्याला गप्प राहून करू दे. दुसऱ्यांदा करता करता प्रत्येक पायरीचं कारण बोलायला लाव. "तिळीता?" असं विचारू नकोस. कळलं का म्हटलं की कुणीही "हौद्री" म्हणतो, आणि मराठी पोरगा "हो मॅडम" म्हणतो. "माडि तोरसु" म्हण, करून दाखव. ओडिशाची पोरं असतील तर हिंदीत. आपल्या भागात ट्रेनिंगच्या माणसाला तिन्ही भाषांत आपलं काम सांगता आलं पाहिजे. तुला येतं. इंग्रजी नीट येत नाही म्हणून तू खंतावतेस, पण हे बेंगळुरूच्या कितीतरी मुलांना येत नाही. वहीत तेही लिही.

आणि समोर उभी राहून शिकवू नकोस. हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. तू नऊ वर्षांची होतीस आणि बंड्याला बुटाची नाडी जमत नव्हती. पप्पा त्याच्यासमोर बसून दाखवत होते, तो रडत होता. तू त्याला ओट्यावर नेलंस, शेजारी बसलीस, तुझा बूट त्याच्या बुटाला लावून ठेवलास आणि म्हणालीस, माझ्याकडे बघू नको, बुटाकडे बघ. समोरून दाखवलं की डावं उजवं होतं, हे तुला तेव्हा कळलं होतं. माई आतून बघत होत्या. ही मास्तरीण होणार, म्हणाल्या. पावसाळ्याचे दिवस होते, ओट्यावर गळत होतं, आणि त्याला गाठ येईपर्यंत तुम्ही दोघं तिथून उठला नाहीत. तुझ्या परकराची एक बाजू पूर्ण भिजली होती.

कुठे होते मी? हां, मागोवा. पहिल्या दिवशी तासातासाला बघ, मग पाळीत दोनदा, मग आठवड्याला. अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून जा. नाहीतर तो शेजारच्याला विचारतो, आणि शेजारचा थिंबल पिळणारा असतो.

उपदेश फार झाला, माफ कर. हजेरी सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसात इतकी वर्षं काढली की माणसाला पायऱ्या मोजायची सवय लागते. पण प्रशिक्षणाचं मूल्यमापन हा प्रश्नही त्याच वहीत कोरा दिसला, म्हणून तेवढं सांगते. डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, शिकला का, कामावर करतो का, आणि कारखान्याला फरक पडला का. बहुतेक ठिकाणी पहिल्या पातळीचा फॉर्म भरून घेतात आणि फाइल बंद. तू तिसरी आणि चौथी दाखव. शिकवण्याआधीच्या चार आठवड्यांचं रिजेक्शन आणि नंतरच्या चार आठवड्यांचं, एकाच ऑपरेशनवर. मधे कास्टिंगचा लॉट बदलला का, टूल बदललं का, नवा माणूस आला का, हेही लिही. त्याशिवाय घटलेला आकडा तुझ्या शिकवण्याने घटला असं म्हणता येत नाही. हे कबूल केल्याने मार्क जात नाहीत, वाढतात. भारतात १९७५च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची पद्धत आखून दिली, तोही मुद्दा इथे येतो. पगार-हजेरीचं खातं आणि माणूस घडवणारं खातं वेगळं धरायला आपल्याकडे तिथून सुरुवात झाली.

कामगार कायद्यांचं एक लक्षात ठेव. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या, एकोणतीस जुने कायदे त्यांत गेले. छापील पुस्तकात जुनेच असतील तर वहीच्या एका पानावर दोन रकाने कर. कल्याण अधिकारी पूर्वी पाचशे कामगारांना होता, आता अडीचशेला. कॅन्टीन अडीचशेच्या वर होतं, आता शंभरला. म्हणजे तुझ्याच कारखान्याला लागू झालं. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहून खाली संहितेची ओळ जोड.

कागदपत्रांचं थोडक्यात. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, कोर्स कोड, अभ्यासकेंद्राचा कोड. स्वाध्यायाचा संच कुठल्या सत्राचा ते वर छापलेलं असतं, जुन्या संचाची उत्तरं धरत नाहीत. डिसेंबरच्या परीक्षेसाठी स्वाध्याय देण्याची शेवटची तारीख साधारण ३१ ऑक्टोबर असते. मुदत वाढते पुष्कळदा, तू धरून चालू नकोस. देण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढ, पोच जपून ठेव. ग्रेड कार्डात स्वाध्यायाचे मार्क दिसले नाहीत तर तेवढाच पुरावा. स्वाध्यायाला तीस टक्के आणि परीक्षेला सत्तर, पण दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा आणि पुढच्या सत्राची नोंदणी वेगळी करायची. पुष्कळ मुलं एक भरून दुसरं विसरतात आणि सहा महिने जातात. तुझ्या खोलीवरच्या त्या हुक्केरीच्या मुलीला एजंट एका वर्षात एमबीए देतो म्हणत होता ना, तिला सांग, पैसे देऊ नकोस. यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत ते विद्यापीठ आणि तोच अभ्यासक्रम त्याच वर्षासाठी आहे का ते बघायचं, मग एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात तो क्रमांक) आणि डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या प्रवेशाचा क्रमांक) स्वतः काढायचा. यादीतली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. तुझ्या ऑफिसात कुणी "डिस्टन्सची डिग्री चालत नाही" म्हणालं आणि ते तुझ्या मनाला लागलं, हे मला रविवारी कळलंच नाही. मी पण "चालेल ना गं?" असं विचारलं. तसं विचारायला नको होतं. मला तुझ्या डिग्रीची शंका नव्हती. तुझ्या डोळ्यांखाली काळं दिसलं, आणि तोंडातून भलतंच निघालं.

नोकरी मात्र सोडू नकोस. मन लावून अभ्यास करायला राजीनामा देते म्हणालीस, ते रागात म्हणालीस असं मी धरते. या विषयाचं सगळं सामान तुझ्या शॉपमध्ये पडलेलं आहे. खोलीत बसून ते मिळणार नाही. शेवटच्या प्रोजेक्टला तर कारखाना लागतोच. आधी प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा, मग माहिती गोळा करायची. उलटं केलं की सगळी मेहनत वाया जाते. मालकांची लेखी परवानगी आत्ताच मागून ठेव आणि प्रश्नावलीत कामगारांची नावं घेऊ नकोस. नाव लिहायचं म्हटलं की कुणी खरं सांगत नाही.

अण्णाला तुमचे सुपरवायझर पिरनवाडीत भेटले होते. म्हणाले, ही मुलगी शिकवते तेव्हा पोरं पळ काढत नाहीत. अण्णाने ते घरात चारदा सांगितलं. पप्पांनी एकदाही काही म्हटलं नाही, पण झोपायच्या आधी पुन्हा विचारलं, नक्की काय म्हणाले?

रविवारी रात्री साडेनऊला तू स्कूटर काढलीस. देसूरच्या पुढे दिवे नाहीत, भाताच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, आणि तू आदल्या रात्री दोनपर्यंत जागलेली. सव्वादहाला "पोचले" एवढा मेसेज आला, तोवर मी दारात उभी होते. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

वहीत तिसऱ्या प्रश्नाची पानं मी पिन लावून बाजूला केली आहेत, फाडलेली नाहीत. मागची बारा पानं कोरी आहेत, तेवढी पुरतील. थालीपीठं दोन दिवस टिकतील, लोणी वेगळ्या डब्यात आहे. मागचा ब्रेक सैल लागतो असं बंड्या म्हणत होता. अण्णाकडे चावी दे, तो उद्यमबागेतल्या गॅरेजात दाखवून संध्याकाळी गाडी खोलीवर आणून ठेवेल. या शनिवारी उशीर झाला तर तिथेच झोप आणि रविवारी उजाडल्यावर निघ.

तुझी,
आई