आजीच्या घड्या आणि तुझा चारकोल

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीवरच्या तुझ्या चित्रमालिकेची छायाचित्रे मिळाली आणि मी ती सावकाश, पुन्हा पुन्हा पाहिली. 'बाबा, गोड बोलू नका' असे तू बजावले आहेस, तेव्हा स्पष्टच लिहितो. रेखाटनात तुझा हात आता चांगला बसला आहे. पण ती रिकामी खुर्ची, तो विझलेला दिवा आणि अर्धवट उघडी खिडकी पाहून मला आजी आठवली नाही, दुःखावर काढलेली इतरांची चित्रे आठवली. ती खुर्ची कोणाचीही असू शकते. रंग काळपट करायचे आणि माणूस चित्रातून काढून टाकायचा, ही वाट इतकी मळलेली आहे की तिच्यावर नव्याने चालणाऱ्याची पावले उमटतच नाहीत.

स्वतःचे तंत्र हवे असेल, तर सुरुवात भावनेपासून करू नये असे माझे मत आहे. माणूस गेल्याची हुरहुर थोड्याफार फरकाने सगळ्यांना सारखीच वाटते. गेलेल्या माणसाची एखादी नेमकी लकब घ्यावी आणि हातातले साहित्य ती लकब पेलते का, ते पाहावे. आजीपुरते बोलायचे, तर हातात आलेला कोणताही कागद ती आधी मधोमध दुमडायची, मग पुन्हा एकदा दुमडायची, आणि प्रत्येक घडीवरून अंगठ्याचे नख या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून ओढायची. दृष्टी मंदावल्यावर कागदावर काय लिहिले आहे ते तिला कळत नसे, तरी कोपऱ्याला कोपरा अचूक भिडत असे. अगदी शेवटी मात्र ते कोपरे जुळेनासे झाले. घडी तिरकी बसायची, ती उलगडून पुन्हा घालायची, आणि कागदावर दोन जवळजवळच्या रेषा उरायच्या. हे तूही पाहिलेले आहेस. तुझ्या एकाही चित्रात ते आलेले नाही, याचे मला नवल वाटले.

कागद दुमडला की घडीच्या रेषेवर त्याचे तंतू मोडतात आणि पृष्ठभागावरचा सरसाचा पातळ थर तडकतो. अशा कागदावर चारकोल, म्हणजे चित्रकलेचा कोळसा, घासला, तर त्याची पूड त्या भेगेत खोल जाऊन बसते. मग मळता येणाऱ्या रबराने वरचा चारकोल उचलून घेतला, तरी घडीची रेषा काळी राहते आणि भोवताली फिकट करडी छटा उरते. म्हणजे चित्र काढण्याचे मुख्य काम दुमडणे आणि पुसणे हेच होईल, रेघ ओढण्याची फारशी गरजच पडणार नाही. यासाठी वेलीच्या किंवा विलो झाडाच्या काडीचा साधा चारकोल घे. दाबून केलेल्या कांडीत चिकटद्रव्य असते, त्यामुळे तो नीट उठत नाही. कागद सुती आणि मधल्या वजनाचा असावा, कारण फार जाड कागदाची घडी वेडीवाकडी फुटते आणि पातळ कागद पुसताना घडीवरच फाटतो. चारकोल कागदावर पक्का बसवणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा सर्वांत शेवटी, कारण तो मारल्यावर पुसण्याचा खेळ संपला.

पुसल्यावर जे उरते, त्यावर सबंध कला उभी करता येते, हे दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिज यांच्या कामात दिसते. चारकोलने काढलेल्या एकाच चित्रात ते खाडाखोड करतात, प्रत्येक बदलानंतर छायाचित्र घेतात आणि त्यातून चलच्चित्र तयार होते; आधीच्या रेषांचे डाग कागदावर तसेच राहतात. त्यांची नक्कल तू करू नयेस, आणि घड्यांचा मार्ग धरलास तर ती होणारही नाही.

जर्मन चित्रकार आणि शिल्पकार केथे कोल्विट्झ यांचे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते. त्यांचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकाची पहिली कल्पना त्यांनी लगेच मांडली. तीत मुलाचा आडवा देह होता आणि त्याच्याजवळ आईवडील होते. ती त्यांनी सोडून दिली, काही वर्षांनी काम पुन्हा हाती घेतले, आणि 1932 मध्ये दफनभूमीत जे शिल्प बसले त्यात मुलगा नव्हताच. गुडघे टेकलेले आई आणि वडील, दोघे दोन वेगळ्या चौथऱ्यांवर. एवढी वर्षे त्यांनी शोक केला, असे लोक म्हणतात. मला त्यात काय वगळायचे हे ठरवण्याची चिकाटी अधिक दिसते. तुझी मालिका दोन महिन्यांत पूर्ण करण्याचा बेत म्हणूनच मला पटलेला नाही.

तू सायनोटाइपबद्दलही, म्हणजे उजेडाने निळी छायाचित्रे छापण्याच्या पद्धतीबद्दलही, विचारले आहेस. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेली ही लोहक्षारांची पद्धत आठवणीच्या विषयाला मोह घालणारी आहे खरी, कारण तिचा निळा रंग उजेडात फिकट होतो आणि अंधारात ठेवल्यावर बराचसा परत येतो. पण हा गुण साहित्याचा झाला, त्यात आजी कुठेच नाही. तो दुसऱ्या कोणत्या तरी विषयासाठी राखून ठेव. घड्या आणि निळा रंग एकत्र केलेस, तर दोन्ही तंत्रे एकमेकांना खातील.

घड्या घालताना एक नियम मात्र पाळ. सुरुवातीच्या कागदांवर कोपरे काटेकोर जुळू देत आणि पुढच्या कागदांवर ते थोडे थोडे सुटत जाऊ देत. चेहरा, हात, चष्मा यांपैकी काहीही काढू नकोस. मग आजीला कधीही न भेटलेल्या एखाद्या व्यक्तीला ते कागद शीर्षकाविना दाखव आणि स्वतः गप्प बस. कोणाचा तरी हात हळूहळू चुकत गेला आहे, एवढे त्या व्यक्तीला जाणवले तरी पुरे.

आजीने दुमडलेले काही कागद मी जपून ठेवले आहेत, ते या पत्राबरोबर पाठवत आहे. त्यांवर चारकोल लावू नकोस. घड्यांमधली अंतरे आणि त्यांचा तिरकेपणा मोजून टिपून घे, आणि काम झाले की कागद परत पाठव.

तुझा,
बाबा