ऑनलाइन खेळांवर बंदी, मग सोडतीचे काय?

संपादक महोदय,
स. न.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने सरसकट बंदी घातली, तेव्हा त्या कंपन्यांबद्दल मला हळहळ वाटली नाही आणि आजही वाटत नाही. २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभा, दुसऱ्या दिवशी राज्यसभा आणि तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची मोहोर, अशा वेगाने हा कायदा झाला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्याने पुसला. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षे व ५० लाख अशी शिक्षा ठेवली. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानले नाही, आणि त्यातली ही तरतूद मला सर्वांत शहाणपणाची वाटते. माझी तक्रार निराळी आहे. जुगार चालू द्यायचाच तर किती, हे आकडे घालून ठरवण्याची जी रीत आपल्या कायद्यांत होती ती येथे मोडली, आणि सरकार स्वतः जो खेळ चालवते त्याकडे कोणी पाहिलेच नाही.

ही रीत शब्दकोड्यांपासूनची आहे. बंगळुरूहून निघणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक जुन्या मुंबई राज्यात खपत असे आणि त्यात बक्षिसाची शब्दकोडी असत. प्रवेशिका आणि शुल्क मुंबई राज्यातील एजंट गोळा करीत. छापखाना मात्र परराज्यात, म्हणून कर कोणी घ्यायचा हा प्रश्न. मुंबई सरकारने १९५२ साली कायदा दुरुस्त करून बाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही कर लावला. या साप्ताहिकाचे चालक चमारबागवाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली तो योग्य ठरवला, आणि जुगाराला व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण मिळणार नाही, असेही सांगितले. सर्व्हर कुठे आणि खेळणारा कुठे, हा आजचा वाद त्या वेळी शाई आणि कागदावर होऊन गेला होता. जुगार हा राज्यसूचीतला विषय, म्हणजे त्यावर कायदा राज्यांनी करायचा. म्हणूनच मुंबईसह अनेक राज्यांनी ठराव करून संसदेला विनंती केली आणि मग १९५५ चा बक्षीस स्पर्धांचा कायदा आला. त्या कायद्याने कोडी बंद केली नाहीत. महिन्याची बक्षिसे १००० रुपयांपेक्षा आणि प्रवेशिका २००० पेक्षा जास्त नकोत, एवढीच मर्यादा घातली.

१९९८ च्या लॉटरी कायद्यातही असेच आकडे आहेत. एकअंकी (एकाच आकड्यावर बक्षीस ठरणारी) लॉटरी नाही, एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा अधिक सोडत नाही, वर्षात सहापेक्षा जास्त बंपर नाहीत. हा कायदा करणाऱ्यांना नुकसान कशात आहे ते नेमके कळले होते: डाव आणि निकाल यांमधले अंतर जितके कमी, तितका माणूस अडकतो. (केरळने दर वाराला वेगळ्या नावाची लॉटरी काढून यातून वाट काढली, हा भाग वेगळा.)

मिरजेच्या एसटी स्टँडजवळच्या लॉटरीच्या टपरीवर हे अंतर दिसते. चिमट्यांना लावलेल्या तिकिटांच्या माळेतून हमाल शेवटचा आकडा पाहून एक तिकीट काढतो, घडी करून खिशात ठेवतो आणि कामाला जातो. निकालासाठी त्याला थांबावेच लागते. याउलट शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलाचे पासबुक मला दाखवायला आणले (मी कोषागारातून निवृत्त झालो, म्हणून अशी कागदपत्रे माझ्याकडे येतात), त्यात एका रात्रीच्या नोंदींनी साडेतीन पाने भरली होती. ५० रुपये, १०० रुपये, पुन्हा ५०. शिल्लक १२ रुपये. रक्कम छोटी, पण सोडत दर दोन मिनिटांनी. या वेगाला मर्यादा घालणारे एक कलम, दिवसाला किती रक्कम भरता येईल याचे दुसरे, एवढे जरी नव्या कायद्यात असते तरी मी त्याचे स्वागत केले असते.

आता सरकारी सोडतीविषयी. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली मटक्याला आळा घालण्याच्या उद्देशाने सुरू झाली. सरकारने चालवली तरी लॉटरी हा जुगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात म्हटले, आणि स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या राज्याला दुसऱ्या राज्याची तिकिटे अडवता येणार नाहीत, असेही बजावले. राज्याराज्यांत लागू केलेला हा न्याय सरकार आणि नागरिक यांच्यात का लागू नसावा? नव्या कायद्यातले प्राधिकरण केवळ ऑनलाइन खेळांसाठी आहे. कागदी सोडतीत सरकारच विक्रेता आणि सरकारच तपासनीस. आमच्या खात्यात रोख ज्याच्या हाती असे त्याला स्वतःच्या वहीवर तपासणीची सही करता येत नसे, मग तो कितीही प्रामाणिक असो. राज्याने लॉटरी खुशाल चालू ठेवावी, पण तिच्यावर वित्त विभागाबाहेरची देखरेख हवी, आणि प्रत्येक सोडतीत किती तिकिटे छापली, किती विकली गेली, किती परत आली आणि किती बक्षिसे कोणी न मागता तिजोरीत राहिली, हा हिशेब वर्तमानपत्रात निकालाशेजारीच छापावा.

वर्तमानपत्रांचा विषय निघालाच आहे तर, याच खेळांच्या पानभर जाहिराती कालपरवापर्यंत आपल्या व्यवसायातील अनेकांनी घेतल्या, याचीही नोंद व्हावी.

शेजाऱ्यांच्या मुलाचे पासबुक मी शेवटपर्यंत पाहिले. २२ ऑगस्टपर्यंत पैसे कंपनीच्या नावावर जात होते. त्यानंतरचे सप्टेंबरपासूनचे व्यवहार व्यक्तींच्या नावावर आहेत, दर चार-पाच दिवसांनी नाव बदललेले. तक्रार कोणाविरुद्ध करायची, असे वडिलांनी विचारले. त्या नावांपैकी एकही खरे असेल याची मला खात्री देता आली नाही.

आपला,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी, मिरज