वर्गाचे नियम पोरांना विचारून ठरवा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात एका डिग्री कॉलेजवर अतिथी प्राध्यापक आहे, समाजशास्त्र शिकवतो. आमच्याकडे दहा मिनिटं झाली की दार बंद, बाहेर राहिला तो गैरहजर, आणि 75 टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. गेल्या वर्षी जांबोटीकडची एक मुलगी सलग चार दिवस दारात उभी राहिली, पाचव्या दिवशी आलीच नाही. पहाटे घर सोडायची, बस भरून आली की थांबायचीच नाही, हे मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी स्वतः एकदाही विचारलं नव्हतं, त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून यंदा पहिल्याच तासाला म्हटलं, नियम आपण मिळून करू, सांगा. कोणी तोंड उघडेना. मग बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या. बसनं येणाऱ्यांची हजेरी तासाच्या शेवटी घ्या, मोबाईल बॅगेत ठेवतो पण बोर्डाचा फोटो काढू द्या, असं बरंच काही, पण सगळ्यात जास्त चिठ्ठ्या भाषेवर, इंग्लिशमध्ये प्रश्न विचारायची लाज वाटते म्हणून. मराठीतल्या चिठ्ठीत तेच, कन्नडमधल्या चिठ्ठीत पण तेच! आता ज्याला जी भाषा येते त्यात तो विचारतो. परवा बैलहोंगलचा एक पोरगा मागच्या बाकावरून उठून "अर्थ आगलिल्ला सर" (समजलं नाही सर) असं कन्नडमध्ये म्हणाला आणि खानापूरच्या मुलीनं त्याला जात आणि वर्ग यातला फरक कन्नडमध्ये फळ्यावर काढून दाखवला.

सहकारी म्हणतात पोरं डोक्यावर बसतील. सिलॅबस आणि इंटर्नलचे मार्क यावर चर्चा होणार नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलंय. आणि हात वर करून बहुमतानं काहीच ठरवत नाही, हात मोजले की थोडके असतात ते गप्प होतात, हे आपल्या सीमाभागात वेगळं सांगायला नको. लोकशाही म्हणजे मिळून जगायची रीत असं अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंनी 1916 मध्येच लिहिलंय, आणि कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब त्यांच्याच वर्गात शिकले. अठराव्या वर्षी मतदान करणाऱ्या पोरांना वर्गात साधं विचारायला काय हरकत आहे?

जिल्ह्यातल्या प्राचार्यांना विनंती, पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गाला यासाठी एक तास द्या. जांबोटीच्या मुलीला मी गावच्या पोरांकडून निरोप पाठवलाय, हजेरी आता शेवटी घेतो म्हणून.

एक अतिथी प्राध्यापक, बेळगाव